टोपलीतल्या भाज्या आणि त्यात दडलेला माळी

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, इंटरमिजिएटची तयारी करतोय. मोबाइलवर त्यानं फळं-भाज्या रचून केलेला माणसाचा चेहरा पाहिला आणि तेव्हापासून वहीभर तसलेच चेहरे काढतोय. त्याचे आजोबा म्हणतात, ‘ही नुसती करामत, ह्याला चित्रकला म्हणत नाहीत.’ तो चित्रकार विक्षिप्त होता असंही वाचलं. मुलाला थांबवू की काढू देऊ?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, काढू द्या. एक वही भरली तर दुसरी आणून द्या. आजोबांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही, त्याकडे मी येतोच.

आधी चित्रकार. जुझेप्पे आर्चिंबोल्दो, इटलीतल्या मिलानचा. जन्म १५२६च्या सुमाराचा, मृत्यू १५९३चा. वडील बियाजो हेही चित्रकार. मिलानच्या कॅथेड्रलमधल्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी बापलेकांनी रेखाटनं केली. १५६२ साली तो व्हिएन्नाला हाब्सबुर्ग घराण्याच्या दरबारी गेला आणि पुढची पंचवीस वर्षं तिथं आणि प्रागला राहिला. फर्डिनांड, माक्सिमिलियन आणि रुडॉल्फ या तीन सम्राटांच्या पदरी त्यानं नोकरी केली.

विक्षिप्त म्हणाल, तर तो मान त्याच्या आधी फ्लॉरेन्समध्ये होऊन गेलेल्या पिएरो दि कोसिमो या चित्रकाराला द्यायला हवा. त्याचं चरित्र, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं लिहून ठेवलंय. रंगकामासाठी सरस उकळायला ठेवला की जळण वाचावं म्हणून त्याच जाळावर हा पन्नास-पन्नास अंडी उकडून घ्यायचा आणि टोपलीत ठेवून एकेक खात राहायचा. बागेतल्या झाडांना कुणाला कात्री लावू द्यायचा नाही. आर्चिंबोल्दोचं तसं काही नव्हतं. दरबारातल्या मिरवणुका, शाही लग्नं, खेळांचे सोहळे यांची आखणी करायची, कुणी काय वेश घालायचा ते काढून द्यायचं, अशी जबाबदारीची कामं त्याच्याकडे होती. पोशाखांच्या १४८ रेखाटनांचा एक संग्रह त्यानं १५८५ साली रुडॉल्फला अर्पण केला. तो आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात आहे. असली कामं वेळेवर उरकणारा माणूस वेडा असून कसं चालेल? लोक चित्रं बघतात आणि चित्रकाराचा स्वभाव ठरवून मोकळे होतात.

आता चित्राकडे वळू. व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात त्याचं ‘उन्हाळा’ आहे, १५६३ सालचं. मोबाइलवर दोन बोटांनी ते मोठं करून मुलाबरोबर बघा. नाक काकडीचं. गाल पीचचा. ओठ चेरीचे, आणि ओठ किंचित विलगले आहेत तिथं उकललेली वाटाण्याची शेंग, म्हणजे आतले दाणे झाले दात. कान म्हणजे मक्याचं कणीस. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली आणि मका युरोपात आला तो त्यानंतर, तेव्हा ज्यांनी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं त्यांच्या लेखी हा कान परदेशातून आलेली नवलाई होती. अंगातला झगा गव्हाच्या काड्यांचा विणलेला. त्या विणीवर नजर सावकाश फिरवली की गळ्याशी, कॉलरच्या पट्टीत, अक्षरं सापडतात. ते त्याचं नाव. खांद्यावर तसंच विणलेलं साल, १५६३. सही त्यानं कोपऱ्यात वेगळी ठोकली नाही, कापडातच विणून टाकली.

तुम्ही तासगावच्या, म्हणून ‘शरद’बद्दल मुद्दाम सांगतो. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात चारही ऋतूंचा १५७३ सालचा संच आहे. सम्राट माक्सिमिलियननं तो सॅक्सनीचा शासक (इलेक्टर) ऑगस्ट याला भेट देण्यासाठी करवून घेतला होता. त्यातल्या शरदाच्या डोक्यावर केसांच्या जागी द्राक्षांचे घड आणि वेलीची पानं आहेत, धड म्हणजे लाकडी पिंप. पिंपाच्या फळ्या सुटत चालल्यात आणि त्या लवचीक फोकांनी बांधल्यात. द्राक्षबागेत वाढलेल्या मुलाला ती पानं खरी आहेत की ठोकून दिलीत हे आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर कळेल. त्याला विचारा.

या चित्रांमागं मोठा बेतही होता. चार ऋतूंसमोर चार महाभूतं : वसंतासमोर वायू, उन्हाळ्यासमोर अग्नी, शरदासमोर पृथ्वी, हिवाळ्यासमोर पाणी. ऋतू आणि महाभूतं १५६९च्या नववर्षाला कवितेसह सम्राटापुढे सादर झाली. ऋतू आणि महाभूतांसारख्या गोष्टीही सम्राटाच्या सत्तेखाली एका चेहऱ्यात सुखानं नांदतात, असा त्याचा अर्थ. राजस्तुती म्हणा हवं तर. पण राजस्तुतीसाठी इतकी माहिती गोळा करावी लागत नाही. ‘पाणी’ या चित्रात साठाहून जास्त जातींचे जलचर आहेत आणि अभ्यासकांना त्यांतले बहुतेक ओळखता येतात.

आता आजोबांचा मुद्दा. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्यांना ज्याचा राग येतो त्याचा मलाही येतो. आर्चिंबोल्दोच्या हयातीतच त्याच्या नकला सुरू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत चेहरा लगेच दिसतो, पण सफरचंद सफरचंदासारखं दिसत नाही. लाल गोळा काढून गालाच्या जागी ठेवून दिलेला असतो. एकदा चेहरा ओळखला की त्या चित्रात बघायला काही उरत नाही. वर्गात मी यासाठी एक परीक्षा घ्यायचो. जाड कागदाला तळहाताएवढं चौकोनी भोक पाडायचं आणि ते चित्रावर ठेवायचं. नाक-डोळे दिसता कामा नयेत, नुसता तेवढाच तुकडा. तेवढा तुकडा वस्तुचित्र म्हणून पास होतो का? फळाचा उजेड कुठून येतो, सावली शेजारच्या फळावर कशी पडते, साल गुळगुळीत की खरबरीत, हे दिसतं का? आर्चिंबोल्दोच्या चित्रावर भोक कुठंही ठेवा, पास होतो. मुलाच्या वहीवर ठेवा आणि आजोबांनाच परीक्षक करा. त्यांना ते आवडेल असं मला वाटतं.

आणि मुलासाठी : बाळा, आर्चिंबोल्दोनं स्वतःला एक बंधन घालून घेतलं होतं. ऋतूच्या चेहऱ्यात त्याच ऋतूतलं घ्यायचं. तूही घाल. आमरस आवडतो म्हणून संक्रांतीच्या चेहऱ्यात आंबा आणायचा नाही. भोगीच्या आदल्या दिवशी आईबरोबर बाजारात जा आणि भोगीच्या भाजीला जे जे लागतं ते थोडं जास्त आण. गालाला कृष्णाकाठचं वांगं, त्याचा काटेरी देठ भुवईला. नाकाला गाजर. पापण्यांना हरभऱ्याचे घाटे, डोळ्यांना बोरं. केसांना शाळूची कणसं. हात दाखवायचे असतील तर ओल्या हळदीचा गड्डा घे, त्याला बोटं आयतीच असतात. आधी सगळं ताटात रचून बघ, उजेड एकाच खिडकीतून येऊ दे, आणि मग काढ. स्मरणातून काढायचं नाही. स्मरणचित्राचा पेपर वेगळा असतो.

प्रश्न : आमचं घराणं तंतुवाद्यं बनवणारं. तंबोऱ्यासाठी वाळवलेले भोपळे माडीवर टांगलेले असतात. लहानपणापासून मला त्यांत माणसं दिसतात, गालफडं, टाळकी, कधी पाठमोरा बसलेला म्हातारा. फळा-भाज्यांत आपल्याला चेहरे का दिसतात? आणि एक चित्र म्हणे उलटं धरल्यावरच चेहरा दिसतो, ते कसं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्हाला दिसतं ते सगळ्यांना दिसतं, फक्त तुमच्या माडीवर भोपळे जास्त. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ एवढं मिळालं की आपला मेंदू चेहरा उभा करतो. नवजात बाळंसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वेळ बघतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्या घरी कलशावर नारळ मांडतात, त्याला नाक-डोळे लावले आणि मंगळसूत्र घातलं की क्षणात लक्ष्मी समोर बसलेली असते. मग त्या नारळाकडे पाठ करून बसायला जीव धजत नाही.

लिओनार्दो दा विंचीनं तर चित्रकारांना सल्लाच दिला होता की ओल आलेल्या, डाग पडलेल्या भिंतींकडे बघत राहा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतील. वर ज्या पिएरोचा उल्लेख केला तोही असल्याच डागाळलेल्या भिंतींसमोर उभा राहायचा. कोयनेकडच्या पावसात चार महिने भिजणाऱ्या भिंती बघितलेल्या माणसाला हा सल्ला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चेहरा ओळखायला मेंदूत काहीशी वेगळी यंत्रणा आहे. ती डोळे, नाक, तोंड सुटं सुटं मोजत नाही, सगळी मांडणी एकदम उचलते. याचा एक विलक्षण पुरावा आर्चिंबोल्दोच्याच चित्रांतून मिळाला. कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ साली एका माणसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातात डोक्याला मार बसल्यावर त्याला साध्या वस्तू पाहून ओळखता येईनात, चेहरे मात्र तो पूर्वीसारखेच ओळखायचा. त्याच्यापुढे ही चित्रं ठेवली. त्याला चेहरा व्यवस्थित दिसला, पण तो चेहरा फळा-भाज्यांचा आहे हे त्याला दिसेना. आपल्याला दोन्ही दिसतं आणि आपण दोन्हींमध्ये ये-जा करतो. त्याच्याकडे त्यातला एकच रस्ता उरला होता. हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झालो होतो. या चित्रांचा आनंद कशात आहे ते त्या माणसामुळे मला नीट कळलं. नाक दिसतंय तोवर काकडी मागे राहते, काकडीकडे गेलं की नाक विरतं, आणि आपण पुन्हा पुन्हा जाऊन बघतो.

ते उलटं धरायचं चित्र म्हणजे ‘भाजीवाला माळी’. एका काळ्या भांड्यात कांदा, मुळं, कंद, पाला असं भरून ठेवलंय. साधी भाजीची टोपली म्हणून कुणीही पुढे जाईल. वर्गात मी त्याचं छापील चित्र आधी तसंच फळ्यावर लावायचो आणि यात काय काय आहे ते लिहा म्हणायचो. पोरं मान खाली घालून यादी करायची, कांदा लिहून झाला की पुढचं काय म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकवायची. मग चित्र काढून उलटं लावलं की मागच्या बाकावरून पहिला आवाज यायचा, ‘सर, माणूस!’ भांड्याची झाली टोपी, लांबट मुळाचं झालं नाक, कांद्याचा फुगीर गाल. आणि त्यानंतर चित्र पुन्हा सुलटं लावलं तरी मुलांची मान वाकडी ती वाकडीच, माळी अजून तिथं आहे का ते बघत.

हे जमतं त्याचं कारण असं की चेहऱ्याची ती यंत्रणा सुलट चेहऱ्यावर पोसलेली आहे. चेहरा उलटा झाला की ओळखणं इतर वस्तूंपेक्षा जास्त अवघड जातं, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिलं. आर्चिंबोल्दोला हे चारशे वर्षं आधी हाताला कळलं होतं. चेहरा उलटा ठेवला की तो झोपतो आणि भाज्या जाग्या राहतात, हे त्यानं वापरलं. असंच दुसरं चित्र ‘आचारी’. थाळीत भाजलेलं डुकराचं पिल्लू आणि पक्षी, वरचं झाकण दोन हातांनी उचललेलं, आणि उलटं केलं की एक रांगडा शिपाई.

तुमच्यासाठी यात आणखी दोन गोष्टी आहेत. ‘भाजीवाला माळी’ आज ज्या गावच्या संग्रहालयात आहे ते क्रेमोना. मिरज जशी तंबोरे-सतारींची, तशी क्रेमोना व्हायोलिनची, विख्यात व्हायोलिन बनवणारा स्त्रादिवारी तिथलाच. दुसरी गोष्ट, आर्चिंबोल्दोनं स्वर आणि रंगछटा यांचा मेळ घालायची एक पद्धत काढली होती. कागदावर उतरवलेल्या छटा पाहून दरबारातल्या क्रेमोनाच्याच एका वादकानं ते सूर वाद्यावर वाजवले, अशी नोंद कोमानीनी नावाच्या लेखकाच्या १५९१ साली छापलेल्या ग्रंथात आहे. आणि भोपळाही त्यानं सोडला नाही. सम्राट रुडॉल्फला ऋतूंचा रोमन देव ‘व्हर्तुम्नुस’ म्हणून रंगवलं, त्यात नाक नासपतीचं, पापण्या शेंगांच्या आणि छातीला थोरले भोपळे. रुडॉल्फ रागावला नाही, उलट फार खूश झाला आणि चित्रकाराला १५९२ साली मोठा किताब दिला. १६४८ मध्ये स्वीडिश फौजेनं प्राग लुटलं तेव्हा हे चित्रही गेलं. आज ते स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर किल्ल्यात आहे.

प्रश्न : आपल्याकडे असं काही होतं का? की हेही आपण त्यांच्याकडूनच घ्यायचं?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, होतं, आणि जुनं होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल त्याचंच ते वाटतं. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात हत्ती आणि बैल एकाच डोक्यात गुंफलेत. एका बाजूचं धड झाकलं की हत्ती, दुसऱ्या बाजूचं झाकलं की बैल. ओडिशाच्या पटचित्रांत आणि गंजिफाच्या रंगवलेल्या पत्त्यांत नवगुंजर येतो, नऊ प्राण्यांचे अवयव मिळून झालेलं विष्णूचं रूप, ओडिया कवी सारळा दासांच्या महाभारतातलं. नवनारीकुंजर तर आपल्या कानावरचं आहे : नऊ स्त्रिया अंगं वाकवून, एकमेकींना धरून हत्ती होतात आणि त्यावर कृष्ण बसतो. अकबराच्या काळातल्या मुघल दरबारीही असे प्राण्या-माणसांनी भरलेले हत्ती-उंट रंगवले जात होते, म्हणजे आर्चिंबोल्दोच्याच काळात.

पण दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. नवनारीकुंजरातली प्रत्येक बाई हत्ती होण्यासाठी काहीतरी करते आहे. एक सोंड म्हणून हात पुढे करते, एक पाय म्हणून ताठ उभी राहते. आर्चिंबोल्दोच्या काकडीला आपण नाक आहोत याचा पत्ताच नाही. आमच्यात सगळे मिळून खेळतात, त्याच्याकडे खेळ फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात होतो. मला दोन्ही हवेत. आणि एक मागणं आहे : आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवरची चित्रं चुन्याखाली जाताहेत. तुमच्या ओळखीच्या वाड्यात रंगकाम निघालं तर आधी भिंत बघा, फोटो काढा, मग ब्रश लावू द्या.

प्रश्न : दृष्टिभ्रमाची अशी आणखी कोणती जुनी चित्रं पाहावीत? आणि सातारा-सांगलीत खरं तैलचित्र समोर उभं राहून कुठं बघता येईल?
— कला महाविद्यालयाची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : पहिल्या भागाचं थोडक्यात. हान्स होल्बाइनचं १५३३ सालचं ‘राजदूत’ शोध. दोन रुबाबदार पुरुष उभे आहेत आणि त्यांच्या पायांशी एक तिरका, ताणलेला करडा पट्टा. चित्राच्या कडेला जाऊन तिरकं बघितलं की तो पट्टा म्हणजे माणसाची कवटी. मान्तेन्यानं मान्तुआच्या राजवाड्यात १४७४ साली पूर्ण केलेली खोली बघ, छताला भोक पडून आभाळ दिसतंय आणि कठड्यावरून माणसं खाली डोकावताहेत असं त्यानं रंगवलंय. पार्मिजानिनोनं १५२४च्या सुमाराला बाहेर फुगलेल्या आरशात दिसतं तसं स्वतःचं चित्र काढलं, तेही फुगीर लाकडावर. त्यात पुढे आलेला हात डोक्याहून मोठा आहे.

दुसऱ्या भागासाठी औंधला जा. यमाई देवीच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. तिथं राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही आहे. फळांचे चेहरे तिथं नाहीत, पण तुला जे शिकायचं ते आहे. साडीच्या जरीच्या काठासमोर उभी राहा. दोन पावलं मागून ती जर आहे, सोनेरी, वजनदार. नियमात बसेल तेवढं जवळ जा, की जर नाहीशी होते आणि पिवळ्या-तपकिरी रंगाचे फटकारे उरतात. कुठल्या अंतरावर फटकाऱ्याची जर होते ती जागा पायांनी शोध, मागे-पुढे होऊन. वहीत अंतर लिहू नकोस, ते प्रत्येक चित्राचं वेगळं निघतं. मैत्रिणीला बरोबर नेलंस तर तिला आधी काही सांगू नकोस, तिची जागा तिला शोधू दे आणि मग दोघींच्या जागा जुळतात का ते बघा. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घे, एसटीनं एवढं जाऊन दार बंद दिसायला नको.